साठवलेला उजेड

वर्तमानपत्रांतून आणि दिनदर्शिकांवरून सर्पिल दीर्घिकांची रंगीत छायाचित्रे आता सर्वांच्याच परिचयाची झाली आहेत. पिवळसर तेजस्वी गाभा, त्याभोवती भोवऱ्यासारखे उलगडत गेलेले निळे बाहू, त्या बाहूंवर गुलाबी ठिपके आणि काळ्या धुळीच्या रेघा, असे ते मनोहर रूप. हे रूप मनात धरून जो कोणी प्रथमच दुर्बिणीला डोळा लावतो, त्याची निराशा ठरलेली असते. त्याला दिसतो तो एक राखाडी पुंजका. काचेवर कुणी उच्छ्वास सोडावा आणि त्याचा डाग विरता विरता थोडासा मागे राहावा, तेवढाच. गेली कित्येक वर्षे आम्ही लोकांना आकाश दाखवीत आलो आहोत. शनीची कडी पाहून 'अगं बाई!' म्हणणारी माणसे दीर्घिकेपाशी येतात, क्षणभर थांबतात आणि सौजन्याने 'छान' म्हणून बाजूला होतात. जव्हारकडच्या एका पाड्यावरील आजीबाईंनी मात्र सौजन्य न पाळता विचारले होते, "ढगाचा तुकडा बघायला एवढ्या लांबून येता?"

आजीबाईंचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही चौघे वसईचे. एक बँकेत, एक शाळेत, एक रेल्वेत. चौथ्याची केळीची वाडी. शास्त्रज्ञ आमच्यात कुणी नाही. आकाशाचे हे वेड आम्हांला लावले ते आमच्या शाळेतील विज्ञानाच्या सरांनी. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबून, काचेवर काच ठेवून, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून ती तासन् तास घासायची, अशा रीतीने सहा इंच व्यासाचा आरसा त्यांनी आमच्याकडून करवून घेतला. त्या आरशाची दुर्बीण आजही चालू स्थितीत आहे. सर आता ऐंशीच्या घरात आहेत. या लेखात त्यांचा उल्लेख पुन्हा येईल, कारण दीर्घिका 'पाहणे' म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर त्यांचा आणि आमचा अनेक वर्षे मतभेद चालत आला आहे.

त्याआधी त्या पुंजक्याची थोडी ओळख करून देणे इष्ट. आपला सूर्य ज्या आकाशगंगेचा घटक आहे, तिच्यात अब्जावधी तारे आहेत. ताऱ्यांची अशीच दुसरी महानगरे अवकाशात दूरदूर विखुरलेली आहेत. त्यांना दीर्घिका म्हणतात. त्यांपैकी ज्या चपट्या चकतीसारख्या असून ज्यांच्या गाभ्यापासून वळणदार बाहू निघालेले असतात, त्या सर्पिल दीर्घिका. आपली आकाशगंगाही त्याच कुळातील. परंतु घरात बसलेल्याला जसे स्वतःच्या घराचे छप्पर बाहेरून दिसत नाही, तसे तिचे सर्पिल रूप आपल्याला दिसत नाही. ते पाहायचे तर शेजाऱ्यांच्या घरांकडे नजर टाकावी लागते.

त्यांतील थोरली शेजारीण म्हणजे देवयानी. हिवाळ्याच्या प्रारंभी, चंद्र नसलेल्या काळोख्या रात्री ती नुसत्या डोळ्यांनीही दिसते. पर्शियातील खगोलविद अल् सूफी यांनी सन ९६४ च्या सुमारास रचलेल्या ताराग्रंथात तिची नोंद मेघासारखी वस्तू म्हणून केलेली आहे. तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा तिचा प्रकाश निघाला तेव्हा मानवाचे आद्य पूर्वज आफ्रिकेत दगडाची हत्यारे घडवीत होते. चांगल्या छायाचित्रात तिचा विस्तार इतका भरतो, की आकाशात सहा पूर्णचंद्र शेजारी शेजारी मांडावेत. असे असूनही वसईच्या रस्त्यावर उभे राहून आज ती दिसत नाही. ती आकाराने लहान आहे म्हणून नव्हे. तिचा प्रकाश विरळ आहे म्हणून. दीर्घिकांच्या निरीक्षणातील सारी अडचण, आणि सारा आनंदही, या विरळपणात आहे.

फ्रान्समधील शार्ल मेसिए हे धूमकेतूंच्या शोधात असत. धूमकेतूचा भास निर्माण करून फसवणाऱ्या अंधूक पुंजक्यांची त्यांनी एक यादी केली. १७८१ पर्यंत तिच्यात शंभरावर वस्तू जमा झाल्या. म्हणजे ही नको असलेल्या वस्तूंची यादी! आज धूमकेतूंपेक्षा या यादीमुळेच त्यांचे नाव जगभरच्या आकाशनिरीक्षकांच्या तोंडी आहे. १७७३ साली त्यांना आढळलेला, यादीतील ५१ व्या क्रमांकाचा पुंजका शामशबल या तारकासमूहात, सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकावरील मरीची ताऱ्याजवळ आहे. त्याच्यात भोवऱ्याचा आकार आहे हे प्रथम ओळखले आयर्लंडमधील लॉर्ड रॉस यांनी. आपल्या जहागिरीत त्यांनी सहा फूट व्यासाच्या धातूच्या आरशाची अजस्र दुर्बीण उभारली आणि १८४५ च्या वसंत ऋतूत तिच्यातून या पुंजक्याचे चित्र हाताने रेखाटले. त्याच वर्षी आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक सडले आणि महादुष्काळ सुरू झाला. लाखो माणसे अन्नावाचून मेली, लाखो देशोधडीला लागली. लॉर्ड रॉस दुष्काळ निवारणाच्या कामात गुंतले आणि जगातील सर्वांत मोठी दुर्बीण काही काळ जवळजवळ निष्क्रिय राहिली. आकाश पाहणाऱ्यांच्या इतिहासातील हे पान आम्हांला नेहमी महत्त्वाचे वाटत आले आहे. दीर्घिका थांबू शकते. भुकेलेला माणूस थांबू शकत नाही.

रॉस यांचे रेखाटन अप्रतिम होते, तरी ते एका माणसाच्या डोळ्याचे आणि हाताचे काम होते. दुसऱ्याला त्याच जागी काही वेगळे दिसले, तर खरे कुणाचे मानावे? डोळ्याची दुसरी मर्यादा याहून मूलभूत आहे. आपला डोळा प्रकाश साठवून ठेवीत नाही. सेकंदाच्या लहानशा अंशात जेवढा प्रकाश आला, तेवढ्याचेच चित्र तो मेंदूकडे पाठवतो आणि पाटी कोरी करतो. रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसले तरी पहाटेचा पुंजका संध्याकाळच्या पुंजक्याहून उजळ होत नाही. छायाचित्राची काच मात्र कंजूष सावकारासारखी कणाकणाने प्रकाश जमवीत जाते. तिच्यावर पडलेला कण तिच्याच हिशेबी जमा राहतो. इंग्लंडमधील आयझॅक रॉबर्ट्स या हौशी निरीक्षकाने १८८८ साली कित्येक तासांच्या प्रकाशनाने देवयानीचे छायाचित्र घेतले आणि तिचे वलयाकार बाहू प्रथमच जगासमोर आले. त्यांना वाटले, ही एक नवी सूर्यमाला जन्माला येत आहे. छायाचित्र खरे होते. अर्थ चुकला होता. पुढे अमेरिकेतील लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी १८९८ पासून दोन वर्षे अशी छायाचित्रे घेतली. एका पुंजक्यासाठी काच उघडी ठेवावी, तर तिच्या कडेला आणखी कितीतरी अनाम पुंजके उमटलेले आढळत. असे लक्षावधी पुंजके आकाशात असले पाहिजेत, असा त्यांनी अंदाज बांधला आणि १९०० साली अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले.

हे पुंजके आपल्या आकाशगंगेच्या आतच आहेत की फार दूर बाहेर, हा त्या काळचा मोठा वाद. तो मिटवण्यास जी किल्ली लागली ती हेन्रिएटा लेव्हिट या स्त्रीच्या हाती सापडली. हार्वर्ड वेधशाळेत छायाचित्रांच्या काचा तपासण्याचे काम त्या करीत. त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे. सेफीड नावाच्या रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता त्यांच्या लुकलुकण्याच्या कालावधीवर अवलंबून असते, हे त्यांनी १९१२ साली दाखवून दिले. ताऱ्याचे खरे तेज कळले, की तो किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते. १९२३ च्या ऑक्टोबर महिन्यात माउंट विल्सनवरील शंभर इंची दुर्बिणीने एडविन हबल यांनी देवयानीचे छायाचित्र घेतले. काचेवरील एका ठिपक्याला त्यांनी प्रथम नवतारा समजून 'एन' अशी खूण केली होती. परंतु जुन्या काचा काढून ताडून पाहता तोच ठिपका कधी उजळ तर कधी मंद आढळला. हबल यांनी 'एन' खोडला आणि तेथे तो रूपविकारी असल्याची नोंद उद्गारचिन्हासह केली. तो सेफीड होता. त्यावरून निघालेले अंतर आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर जात होते. आपले विश्व त्या एका ठिपक्याने विस्तारले. ही वार्ता ऐकण्यास लेव्हिट हयात नव्हत्या. १९२१ सालीच त्यांचे निधन झाले होते.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तो शोध एका रात्रीच्या छायाचित्राने लागला नाही. आज काय दिसते हे कालच्या साठवणीशी ताडून पाहिले, तेव्हा लागला.

छायाचित्रेही फसवतात, किंवा अधिक नेमके सांगायचे तर छायाचित्रे वाचणारा फसतो. त्याच माउंट विल्सनवर आड्रियान फान मानेन हे कसलेले निरीक्षक होते. काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या काचा मोजून त्यांनी सर्पिल पुंजके डोळ्यांदेखत फिरताना आढळतात, असा निष्कर्ष १९१६ पासून मांडला. तो खरा असता तर हे पुंजके जवळच असणे भाग होते. मोजमापे चुकीची होती, हे पुढे सिद्ध झाले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अंधूक गोष्टीत माणसाला आपल्या मनातलेच दिसू लागते, एवढाच याचा अर्थ. दुसऱ्या बाजूला व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ पासून या पुंजक्यांचे वर्णपट रात्रीमागून रात्री एकाच काचेवर जमवून त्यांचे वेग मोजले. त्या वेगांचा आणि हबल यांच्या अंतरांचा आधार घेऊन बेल्जियममधील धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली विश्व प्रसरण पावत असल्याचे प्रतिपादन केले. १९२९ मध्ये हबल यांनी निरीक्षणांच्या आधारे ते नाते दाखवले. हबल यांचे सहकारी मिल्टन ह्युमसन हे तर मूळचे खेचरवाले. वेधशाळेचे सामान डोंगरावर पोहोचवणारा हा पोरगा पुढे तेथेच झाडलोटीच्या कामावर लागला, रात्रीचा मदतनीस झाला आणि अखेर दूरस्थ दीर्घिकांचे वेग मोजणारा अव्वल निरीक्षक म्हणून गणला गेला. शाळा त्याने चौदाव्या वर्षाच्या आसपास सोडली होती. थंडीत कुडकुडत एका मार्गदर्शक ताऱ्याला तारेच्या फुलीवर रात्रभर खिळवून ठेवणे, हे पदवीचे नव्हे, चिकाटीचे काम होते.

आमचे काम त्या मानाने फारच सुखाचे. आज काचेची जागा इलेक्ट्रॉनिक संवेदकाने घेतली आहे आणि ताऱ्याला खिळवून ठेवण्याचे काम दुसरा एक छोटा कॅमेरा संगणकाच्या साहाय्याने करतो. तरीही पृथ्वीची गती, दव आणि धूर यांच्याशी झुंज पूर्वीसारखीच आहे. वसईहून सुमारे शंभर किलोमीटरवर, जव्हारच्या बाजूस, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या खळ्यावर आम्ही अमावास्येच्या आगेमागे मुक्काम करतो. खळे सपाट असते आणि चारी दिशा मोकळ्या असतात. पावसाळ्याचे चार महिने काही करता येत नाही. हिवाळ्यात दव आरशावर आणि भिंगांवर चढते. मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा शामशबल आणि सप्तर्षी ऐन माथ्यावरून उत्तरेस सरकत असतात, नेमके तेव्हाच गावोगाव शेतांत राब भाजले जातात आणि त्यांचा धूर क्षितिजावर पसरतो. ते राब भाजणे म्हणजे पुढच्या भातपिकाची तयारी. ज्याच्या खळ्यावर आपण उभे आहोत, त्याच्या पोटाशी आपल्या छंदाची स्पर्धा लावणे बरे नव्हे. आम्ही वारा बदलण्याची वाट पाहतो.

दिवेलागणीनंतर ध्रुव ताऱ्याच्या दिशेने दुर्बिणीचा आस जुळवायचा. ध्रुव येथे क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर असतो. समोर एखादे आंब्याचे झाड आले तरी झाकला जातो. मग दीर्घिका शोधून तीन तीन मिनिटांची चित्रे घेत राहायचे. एका चित्रात जवळजवळ काहीच दिसत नाही. नुसता खरखरीत दाणेदारपणा. अशी शंभर चित्रे एकावर एक रचली, की दीर्घिकेचा उजेड शंभरदा एकाच जागी पडून साचतो आणि दाणे मात्र दर वेळी वेगळ्या जागी पडल्यामुळे परस्परांना पुसत जातात. शंभर चित्रांनी हा गोंधळ दीपाच्या तुलनेत दहापट कमी होतो. शिवाय दुर्बिणीवर झाकण लावून घेतलेली काळी चित्रे वजा करावी लागतात, कारण संवेदक अंधारातही थोडेफार काल्पनिक दिवे लावतोच. आरशावरील धुळीचे डाग काढण्यासाठी कोऱ्या पांढऱ्या पडद्याची चित्रे घ्यावी लागतात. म्हणजे स्वतःच्या उपकरणाचे दोष आधी मोजायचे आणि ते वजा केल्यावर जे उरेल, त्यालाच आकाश म्हणायचे.

असे करता करता संगणकाच्या पडद्यावर बाहू उमटू लागतात, तो क्षण आजवर शिळा झालेला नाही. बाहूंचा निळा रंग तरुण, तप्त, अल्पायुषी ताऱ्यांचा; गुलाबी ठिपके ताऱ्यांना जन्म देणाऱ्या हायड्रोजनच्या ढगांचे; गाभ्याचा पिवळसर रंग वयस्क ताऱ्यांचा. बाहू हे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे एकाच द्रव्याचे बनलेले नसतात, हे समजण्यास वेळ लागला. घोडबंदर रस्त्यावरील वाहतूककोंडी आपण सर्वांनी अनुभवली आहे. कोंडी तासन् तास त्याच ठिकाणी असते, पण तिच्यातील गाड्या सतत बदलत असतात; एक पुढून सुटते, दुसरी मागून येऊन अडकते. चीआ-चिआव लिन आणि फ्रँक शू यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार अनेक दीर्घिकांचे बाहू असेच दाटीचे पट्टे असतात. तारे त्यांत येतात, काही काळ रेंगाळतात आणि बाहेर पडतात. दाटीत ढग दाबले जाऊन नवे तारे पेटतात, म्हणून कोंडीची ती जागा उजळ दिसते.

अशी चित्रे घेऊन आम्ही सरांकडे जात असू. सर चष्मा पुसून पाहात, कौतुक करीत आणि शेवटी हमखास म्हणत, "सुंदर आहे. पण हे तुमच्या कॅमेऱ्याने पाहिले. तुम्ही कुठे पाहिले?" आमचे म्हणणे असे, की डोळ्याला जे मुळात दिसूच शकत नाही, ते यंत्राने जमवून दिले तर ते पाहणे का नव्हे? सरांचे म्हणणे, की अर्धा तास काळोखात डोळे निवू द्यावेत, पुंजक्याकडे सरळ न पाहता थोडे बाजूला पाहावे, श्वास रोखावा, आणि मग क्षणभर एक बाहू असल्यासारखा वाटतो व जातो. त्या क्षणात तो उजेड लाखो वर्षे चालून आपल्या डोळ्याच्या पडद्यावर येऊन संपलेला असतो. त्या दोघांच्या मध्ये कुणी नसते. चित्रात मात्र तो उजेड तारांतून, आकड्यांतून, आपल्या आवडीनिवडींतून गाळून येतो. हा वाद आम्ही कधी जिंकला नाही. पुढे सरांचा एक डोळा विकाराने अधू झाला, दुसऱ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि ते आमच्याबरोबर येईनासे झाले. "मला आता पुंजके दिसत नाहीत, उगीच तुमची जागा अडवायची," एवढेच म्हणाले. मग चित्रे दाखवण्यातही आम्हांला संकोच वाटू लागला.

२२ एप्रिल २०२३, अक्षय्य तृतीयेची रात्र. आम्ही मेसिए यांच्या यादीतील १०१ व्या दीर्घिकेचे चित्र घेतले. वसिष्ठ आणि मरीची या ताऱ्यांच्या वरच्या अंगाला असलेली, आपल्याकडे तोंड करून पसरलेली ही भव्य दीर्घिका सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाश फार पसरलेला असल्याने लहान दुर्बिणीतून ती पाहणे कठीणच. त्यानंतरची अमावास्या १९ मे रोजी आली. त्याच रात्री जपानमधील कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाने त्या दीर्घिकेच्या एका बाहूत नवा तारा प्रकटल्याचे जाहीर केले. सूर्याच्या अनेक पट वस्तुमानाच्या एका ताऱ्याचा स्फोट झाला होता. खरे तर तो २ कोटी १० लाख वर्षांपूर्वीच झाला होता. वार्ता आता पोहोचली होती. २० मे रोजी शनिवार होता. दुपारी आम्ही सरांच्या घरी गेलो आणि त्यांना गाडीत बसवूनच जव्हारला नेले. नेण्यापूर्वी त्यांना काय दिसेल याची खात्री आम्हांला नव्हती.

रात्री दहाच्या सुमारास जुनी सहा इंची दुर्बीण लावली. सरांनी डोळा लावला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दीर्घिका नाही दिसत रे. काहीच नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "थांबा. एक बारीक ठिपका आहे. टोचल्यासारखा." आम्ही एप्रिलचे चित्र छापून आणले होते. लाल कागद गुंडाळलेल्या विजेरीच्या उजेडात त्यांनी आपल्या डोळ्याने पाहिलेल्या जागा, आसपासच्या ताऱ्यांच्या आधाराने, बोटाने चित्रावर मोजल्या. ठिपक्याच्या जागी चित्रात काही नव्हते. सरांनी दोनदा ताडून पाहिले, पुन्हा डोळा लावला, पुन्हा चित्र पाहिले. "तर हा नवा," ते म्हणाले.

संपूर्ण दीर्घिका, तिच्यातील अब्जावधी तारे, त्या अधू डोळ्याला अगोचर होते. आणि तिच्यातील एकच मरणारा तारा मात्र दिसत होता. तो नवा आहे हे डोळ्याला एकट्याने कळले नसते; तेथे पूर्वी काही नव्हते, याची साक्ष महिन्याभरापूर्वी साठवलेल्या उजेडाने दिली. सरांचा आणि आमचा वाद त्या रात्री कुणी मिटवला नाही, पण तो पुन्हा कुणी काढलाही नाही. पुढे शास्त्रज्ञांनी मोठ्या दुर्बिणींच्या जुन्या छायाचित्रांचे संग्रह धुंडाळले, तेव्हा स्फोटापूर्वीचा तो धुळीने वेढलेला तांबडा तारा त्यांना त्यांत सापडला. जिवंत असताना कुणी त्याच्याकडे लक्ष देऊन पाहिले नव्हते. त्याचा उजेड मात्र जपून ठेवला गेला होता.

हे सर्व ज्या एका वस्तूवर अवलंबून आहे, ती दुकानात मिळत नाही. ती म्हणजे काळोख. आमच्या लहानपणी वसईच्या वाड्यांतून आकाशगंगेचा पट्टा दिसत असे. रहाटावरून परतताना सर आम्हांला तो दाखवीत. आज तेथे सप्तर्षींचे सात तारे मोजता आले तरी समाधान मानावे. जव्हारहूनही पश्चिमेस तारापूर-बोईसरचा आणि दक्षिणेस मुंबईचा उजेड क्षितिजावर चढत चाललेला दिसतो. ही तक्रार जुनी आहे. माउंट विल्सनच्या पायथ्याशी लॉस एंजेलिस शहर वाढत गेले, तसे तेथील आकाश उजळत गेले. दुसऱ्या महायुद्धात हल्ल्याच्या भीतीने शहराचे दिवे मंदावले आणि वाल्टर बाडे या जर्मन नागरिकत्वाच्या, म्हणून युद्धकार्यातून वगळलेल्या खगोलविदाला त्या काळोखाचा लाभ झाला. १९४३ मध्ये त्यांनी देवयानीच्या गाभ्यातील तारे प्रथमच सुटे सुटे टिपले. त्या कामातून ताऱ्यांच्या दोन पिढ्या ओळखल्या गेल्या, सेफीड ताऱ्यांचे गणित सुधारले आणि १९५२ साली विश्वातील अंतरे एकदम दुपटीच्या घरात गेली. काळोख मिळाला तो युद्धामुळे, ही मोठी खंतावणारी गोष्ट. तो शांततेच्या काळात, समजुतीने का मिळू नये? नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तेथे दिव्यांना टोप्या घालून त्यांचा उजेड जमिनीवर वळवण्यात आला. दिवा नको असे कुणीच म्हणत नाही. रात्री घरी परतणाऱ्या बाईच्या वाटेवर उजेड असलाच पाहिजे. तो वाटेवर असावा, आकाशात नसावा, एवढेच मागणे.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी एका अतिदूरच्या सर्पिल दीर्घिकेचा शोध जाहीर केला. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने जमवलेल्या चित्रांत ती त्यांना आढळली. हिमालयातील नदीवरून तिला 'अलकनंदा' हे नाव दिले आहे. विश्वाचे वय जेमतेम दीड अब्ज वर्षे असतानाचे तिचे रूप आपल्याला दिसते, आणि तेव्हाच तिचे दोन बाहू सुरेख उलगडलेले होते. इतक्या बाल्यावस्थेतील विश्वात अशी सुघड दीर्घिका असेल, अशी अपेक्षा नव्हती. ही बातमी आम्ही सरांना वाचून दाखवली. चित्र त्यांनी भिंग धरून बराच वेळ पाहिले. यंत्राने पाहिले की माणसाने, असे या वेळी त्यांनी विचारले नाही. "शेकडो चित्रांतून ही नेमकी ओळखायला डोळा लागला असेल," एवढे म्हणाले.

पावसाळा सरल्यानंतरच्या पहिल्या अमावास्येला आम्ही पुन्हा जव्हारला जाणार आहोत. देवयानी तारकासमूहातच एक कडेने दिसणारी, मध्यभागी धुळीची काळी रेघ असलेली दीर्घिका आहे. तिच्यासाठी दोन रात्री राखून ठेवल्या आहेत. सरांनी अट घातली आहे, की कॅमेरा लावण्यापूर्वी प्रत्येकाने निदान अर्धा तास नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. ती आम्ही मान्य केली आहे. पाड्यावरच्या मुलांनाही या खेपेस बोलावले आहे, आणि खळ्यालगतच्या खांबावरील दिव्याला टोपी घालण्यासाठी पत्र्याचा एक तुकडा कापून तयार ठेवला आहे.